मानव-संगणक आंतरक्रियेचे शास्त्र आणि स्टुअर्ट कार्ड यांचे संशोधन

एखाद्या संशोधकाच्या कार्याचा परिणाम किती झाला हे ठरविण्याच्या रूढ रीती दोन आहेत. त्याच्या निबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला हे मोजणे ही एक, आणि त्याला कोणते मानसन्मान लाभले हे पाहणे ही दुसरी. मानव-संगणक आंतरक्रिया या शास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक असलेले स्टुअर्ट कार्ड या दोन्ही कसोट्यांना सहज उतरतात. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या संबंधित शाखेने २००० साली त्यांना आजीवन संशोधनाबद्दल गौरविले. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली, आणि त्याच वर्षी फ्रँकलिन संस्थेचे बॉवर पारितोषिकही त्यांना मिळाले. तथापि उल्लेखांची संख्या आणि पारितोषिकांची यादी यांवरून विद्वानाची प्रतिष्ठा कळते. त्याच्या विचाराने व्यवहारात काय पालटले, ते कळत नाही. त्यासाठी त्याने कोणता प्रश्न हाती घेतला, तो प्रश्न पूर्वी कसा विचारला जात होता आणि नंतर कसा विचारला जाऊ लागला, हे पाहणे अवश्य ठरते.

कार्ड यांच्यापुढील प्रश्न वरकरणी साधा होता. यंत्र वापरताना माणसाला किती वेळ व श्रम लागतील, हे यंत्र बांधण्यापूर्वीच गणिताने सांगता येईल काय? या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक गंभीर प्रश्न दडलेला आहे. यंत्रावर काम करणारा माणूस अडखळला, मागे पडला किंवा चुकला, तर दोष कोणाचा मानावयाचा: त्या माणसाचा की यंत्राच्या रचनेचा? जोपर्यंत मोजमाप नाही तोपर्यंत या प्रश्नाचे उत्तर अधिकारावर अवलंबून राहते. आणि अधिकार सामान्यतः यंत्र वापरणाऱ्याकडे नसतो.

हा दुसरा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अमेरिकन विमानदलासाठी वैमानिकांच्या चुकांचे परीक्षण केले. नियंत्रक-दांडे हाताळताना घडलेल्या ४६० प्रसंगांची त्यांनी छाननी केली. ज्या चुका 'वैमानिकाचा प्रमाद' या सदरात घातल्या जात होत्या, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ यंत्ररचनेत असल्याचे त्यांना आढळले. सारखे दिसणारे व जवळजवळ बसविलेले दांडे, किंवा एका विमानात एका जागी तर दुसऱ्या विमानात दुसऱ्याच जागी असणारे तेच साधन, अशी ही कारणे होती. वैमानिक निष्काळजी होता असे म्हणून हा प्रश्न सुटत नव्हता. दांड्याचा आकार व स्थान बदलल्याने मात्र तो सुटण्यासारखा होता.

फिट्स यांनी येथे न थांबता १९५४ साली हाताच्या हालचालीविषयी एक नियम मांडला. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे प्रमाण मोजण्याची जी गणिती रीत दिली होती, तीच त्यांनी मानवी हाताला लावली. लक्ष्य जितके दूर व जितके लहान, तितकी हालचाल अवघड. परंतु ही अवघडता अंतराच्या प्रमाणात वाढत नाही. अंतर व लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लघुगणकाप्रमाणे ती वाढते. अंतर दुप्पट केले की काळ दुप्पट होत नाही. त्यात एक ठरावीक भर पडते. लक्ष्य दुप्पट रुंद केले की तेवढीच भर कमी होते. हा नियम धातूच्या पट्ट्यांवर लेखणीसारख्या दांडीने आळीपाळीने टोके मारण्याच्या, तसेच चकत्या व खुंट्या एका जागेहून दुसरीकडे ठेवण्याच्या प्रयोगांतून निघाला होता. संगणकाच्या पडद्याशी त्याचा संबंध कोणी जोडला नव्हता. तसा पडदाही त्या वेळी सामान्य वापरात नव्हता.

तो संबंध जोडण्याचे कार्य कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झाले. झेरॉक्स कंपनीने तेथे १९७० साली संशोधनकेंद्र स्थापन केले होते. कार्ड यांचे पदवीचे शिक्षण भौतिकशास्त्रातील. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्राकडे वळून ॲलन न्यूवेल यांच्या हाताखाली अध्ययन केले. न्यूवेल यांनी हर्बर्ट सायमन यांच्यासह १९७२ साली मानवी प्रश्ननिरसनावर प्रसिद्ध केलेला ग्रंथ विचारप्रक्रियेकडे माहितीवर होणाऱ्या क्रियांची मालिका म्हणून पाहत होता. १९७४ साली कार्ड आणि त्यांचे सहाध्यायी टॉमस मोरान या केंद्रात दाखल झाले. न्यूवेल सल्लागार या नात्याने त्यांच्याबरोबर होते. प्रयोगशाळेतील मानसशास्त्र यंत्ररचनाकाराच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणणे, हे या तिघांचे उद्दिष्ट होते. यंत्र तयार झाल्यावर ते तपासणारा परीक्षक ही मानसशास्त्रज्ञाची भूमिका त्यांना अपुरी वाटत होती. रचना चालू असतानाच ज्याच्या आकडेमोडीला किंमत आहे, असे शास्त्र त्यांना हवे होते.

या दृष्टीने पहिला महत्त्वाचा प्रयोग माउस या साधनाविषयीचा होय. माउस ही कल्पना डग्लस एंगेलबार्ट यांची. त्याचा पहिला नमुना १९६४ साली त्यांचे सहकारी विल्यम इंग्लिश यांनी स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेत घडविला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. अनेक साधनांची तुलना एंगेलबार्ट यांच्या गटानेही केली होती, व सरावलेल्या माणसांच्या हाती माउस सरस ठरतो असे त्यांना दिसले होते. परंतु तो सरस का ठरतो, आणि उद्या याहून सरस साधन निघू शकेल काय, या प्रश्नांचे उत्तर केवळ तुलनेतून निघत नाही.

कार्ड, इंग्लिश आणि बर यांचा १९७८ सालचा निबंध या प्रश्नांना उत्तर देतो. त्यांनी पडद्यावरील मजकुरातील शब्द निवडण्यासाठी माउस, दाबाने चालणारी दांडी, बाणांच्या कळा आणि मजकुराच्या एककांनुसार सरकविणाऱ्या कळा, अशी चार साधने तपासली. निवडीला लागणारा एकूण सरासरी काळ माउसने १.६६ सेकंद, दांडीने १.८३, मजकूर-कळांनी २.२६ आणि बाण-कळांनी २.५१ सेकंद असा आला. चुकांचे प्रमाण माउसच्या बाबतीत ५ टक्के, तर इतरांच्या बाबतीत ९ ते १३ टक्के होते. येथवर ही तुलनाच झाली. पुढची पायरी अशी की, माउसचे काळ फिट्स यांच्या नियमाला धरून पडत होते, आणि अवघडतेच्या प्रत्येक बिटमागे लागणारा काळ सुमारे ०.१ सेकंद होता. नुसत्या हाताने लक्ष्य गाठण्याच्या प्रयोगांतही जवळजवळ हाच आकडा येतो. याचा अर्थ असा की, माउसचा वेग ठरविणारी मर्यादा यंत्राची नसून माणसाच्या डोळ्यांची व हाताची आहे. हाताने चालविण्याचे नवे साधन याहून फार जलद असण्याची शक्यता अल्प, असे भाकीत त्यातून निघाले.

या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल उघड आहे. झेरॉक्सने १९८१ साली बाजारात आणलेल्या 'स्टार' या संगणकाबरोबर माउस होता. तो तसा असावा या निर्णयाला ज्या गोष्टी कारण झाल्या, त्यांत या प्रयोगाची गणना केली जाते. पुढे १९८३ व १९८४ साली ॲपल कंपनीने लिसा व मॅकिंटॉश ही यंत्रे आणली आणि माउस सर्वपरिचित झाला. माउसचा शोध कार्ड यांनी लावलेला नाही. एका विचित्र दिसणाऱ्या खोक्यावर विश्वास का ठेवावा, याचे कारण त्यांनी दिले. आणि ते कारण अभिरुचीवर नव्हे, तर मानवी शरीराच्या मोजलेल्या मर्यादेवर आधारलेले होते.

दुसरी पायरी १९८० सालच्या निबंधाची. त्यात कार्ड, मोरान आणि न्यूवेल यांनी संगणकावरील कोणतेही परिचित काम मूलभूत क्रियांच्या बेरजेत मांडण्याची रीत दिली. कळ दाबणे, पडद्यावरील लक्ष्य दाखविणे, हात एका साधनावरून दुसऱ्यावर नेणे आणि पुढील कृतीसाठी मनाची सिद्धता करणे, या त्यांपैकी प्रमुख क्रिया. सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबण्यास ०.२ सेकंद, लक्ष्य दाखविण्यास १.१ सेकंद, हात हलविण्यास ०.४ सेकंद आणि मनाच्या सिद्धतेस १.३५ सेकंद, असे आकडे प्रयोगांवरून ठरविण्यात आले. एक उदाहरण घेता येईल. लिहिता लिहिता एखादी आज्ञा पडद्यावरील यादीतून माउसने निवडावयाची, तर सिद्धता १.३५, हात माउसवर नेणे ०.४, लक्ष्य दाखविणे १.१, कळ दाबणे ०.२ आणि हात परत आणणे ०.४, मिळून ३.४५ सेकंद होतात. तीच आज्ञा दोन कळांनी देता आली, तर १.३५ अधिक ०.४, म्हणजे १.७५ सेकंद पुरतात. कागद आणि पेन्सिल यांखेरीज या गणिताला काहीही लागत नाही. यंत्र अस्तित्वात असण्याचीही गरज नाही. १० प्रणाली, २८ व्यक्ती आणि १४ कामे घेऊन केलेल्या पडताळणीत या भाकितांची चूक सुमारे २१ टक्के आढळली. मानसशास्त्रात ही अचूकता उपेक्षणीय नव्हे.

१९८३ साली या तिघांचा मानव-संगणक आंतरक्रियेच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ध्येये, क्रिया, पद्धती आणि निवडीचे नियम या चार संज्ञांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'गॉम्स' म्हणून ओळखले जाणारे विश्लेषण त्यात सविस्तर मांडलेले आहे. त्याच ग्रंथात माणसाचे ग्रहण, विचार व हालचाल या तीन प्रक्रियकांच्या रूपात वर्णन केलेले असून प्रत्येकाच्या एका आवर्तनास लागणारा काळ अनुक्रमे सुमारे १००, ७० व ७० सहस्रांश सेकंद धरलेला आहे. मानसशास्त्राच्या निबंधांत विखुरलेले आकडे अभियंत्याला वापरता येतील अशा कोष्टकांत आले, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य.

या पद्धतीच्या मर्यादाही तिच्या निर्मात्यांनीच सांगितलेल्या आहेत. ती सरावलेल्या आणि न चुकणाऱ्या माणसाचे वर्णन करते. नवशिक्याचा गोंधळ, चूक झाल्यावर सावरणे, थकवा किंवा कंटाळा यांना तिच्यात स्थान नाही. मनाची सिद्धता नेमकी कोठे धरावी, हे ठरविताना विश्लेषकाला स्वतःचे तारतम्य वापरावे लागते. शिवाय कळ दाबण्याचा आकडा इंग्रजी टंकलेखनावरून आलेला आहे. देवनागरीत 'कर्म' हा दोन अक्षरांचा शब्द इनस्क्रिप्ट कळफलकावर क, र, हलन्त आणि म अशा चार कळांनी उमटतो. डोळ्याला दिसणारे अक्षर आणि बोटाने दाबलेली कळ यांचे नाते येथे निराळे असल्यामुळे, ते आकडे मराठीला लावण्यापूर्वी पुन्हा मोजणे प्राप्त होते.

अशा मर्यादांतूनच विरोधी विचार उभा राहिला. १९८५ साली न्यूवेल आणि कार्ड यांनी एका निबंधात असे प्रतिपादन केले की, संख्यात्मक व काटेकोर शास्त्र हे गुणात्मक शास्त्राला मागे हटविते. म्हणून मानसशास्त्राने स्वतःला काटेकोर केले नाही, तर या क्षेत्रात त्याला वाव उरणार नाही. जॉन कॅरोल आणि रॉबर्ट कॅम्पबेल यांनी पुढील वर्षी त्याला उत्तर दिले. काटेकोरपणाच्या मोहाने केवळ लहान प्रश्न हाती घेतले जातात, आणि रचनाकाराला भेडसावणारे मोठे प्रश्न बाजूला पडतात, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

याहून मूलगामी आक्षेप त्याच पालो आल्टोच्या केंद्रातून आला. ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ तेथे काम करीत होत्या. गुंतागुंतीच्या छायाप्रत-यंत्राशी माणसे कशी झगडतात, याचे त्यांनी चित्रफितींच्या साहाय्याने निरीक्षण केले, आणि १९८७ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, माणूस आधी योजना आखून मग ती पायरी-पायरीने अमलात आणतो हे गृहीतच दोषास्पद आहे. प्रत्यक्ष कृती प्रसंगानुरूप घडत जाते. योजना ही त्या कृतीचे एक साधन असते, तिचे कारण नव्हे. १९८० च्या दशकाच्या आरंभी घेतलेल्या अशा एका चित्रफितीत दोन्ही बाजूंच्या प्रती काढताना अडखळणाऱ्या दोघांपैकी एक स्वतः ॲलन न्यूवेल होते. ज्यांनी यंत्र वापरणाऱ्या मनाचे प्रतिमान रचले, तेच यंत्रापुढे निरुत्तर झालेले दिसावेत, हा योगायोग उपहासाचा विषय करणे अनुचित ठरेल. त्यातून निघणारा अर्थ फिट्स यांच्या निष्कर्षाला पुष्टी देतो: जे यंत्र न्यूवेल यांना कळले नाही, त्याबद्दल वापरणाऱ्याच्या बुद्धीला दोष देता येत नाही. दोन्ही पक्ष, एक गणिताने व दुसरा निरीक्षणाने, दोषाचा भार माणसावरून रचनेकडे नेत होते.

गणिताच्या पक्षाची खरी कसोटी न्यूयॉर्क परिसरातील नायनेक्स या दूरध्वनी कंपनीत लागली. दूरध्वनी जोडून देणाऱ्या ऑपरेटरांसाठी कंपनी नवी यंत्रे घेण्याच्या विचारात होती. नव्या यंत्रात कळा कमी दाबाव्या लागत आणि पडद्यावर मजकूर लवकर उमटे. म्हणून ते जलद असणार, असा सर्वांचा समज होता. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवूड यांनी गॉम्सच्या एका विकसित रूपाने दोन्ही यंत्रांचे विश्लेषण केले. ते रूप जॉन यांनी न्यूवेल यांच्या परंपरेत घडविले होते. एकाच वेळी चालणाऱ्या ऐकणे, बोलणे, पाहणे व कळ दाबणे या क्रिया त्यात समांतर मांडल्या जातात, आणि त्यांतील ज्या साखळीवर एकूण काळ अवलंबून असतो, ती शोधली जाते. निष्कर्ष अनपेक्षित होता. नवे यंत्र जुन्यापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी मंद ठरणार होते.

याचे कारण उद्‌बोधक आहे. ज्या कळा वाचल्या होत्या, त्या पूर्वी ऑपरेटर बोलत किंवा ऐकत असताना दाबल्या जात. त्या वाचल्याने एकूण काळ कमी होत नव्हता. उलट काही कळा संभाषणाच्या शेवटी आल्या होत्या, आणि तेथे त्यांच्यासाठी सर्वांनाच थांबावे लागे. २४ ऑपरेटर नव्या यंत्रांवर व २४ जुन्या यंत्रांवर बसवून ४ महिने प्रत्यक्ष परीक्षा झाली; तीत हेच भाकीत खरे ठरले. मंदपणाची किंमत वर्षाला सुमारे २० लक्ष डॉलर इतकी होती. कंपनीने ती यंत्रे घेतली नाहीत. या कार्याचा वृत्तांत १९९३ साली प्रसिद्ध झाला.

या प्रकरणाचे महत्त्व पैशांच्या आकड्यापुरते नाही. हे विश्लेषण नसते, तर नव्या यंत्रावर मागे पडलेल्या ऑपरेटरांविषयी काय म्हटले गेले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. त्यांना अजून सराव नाही, त्या बदलाला राजी नाहीत, त्यांना अधिक शिकवावे लागेल, हे आक्षेप अशा प्रसंगी तयारच असतात. विश्लेषणाने दाखविले की, मंदपणा सरावाने जाणारा नव्हता. तो यंत्राच्या आज्ञाक्रमातच बसविलेला होता. १९४७ साली वैमानिकांबाबत जे छाननीने सिद्ध करावे लागले, ते येथे आकडेमोडीने आगाऊ सांगता आले.

तथापि याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी दृष्टीआड करू नये. कामाचे तुकडे करून प्रत्येकाचा काळ मोजण्याची रीत कारखान्यांतील काळ-मापनाच्या परंपरेशी नाते सांगते. ज्या कोष्टकाने ऑपरेटरचे निर्दोषत्व सिद्ध होते, त्याच कोष्टकाने तिच्याकडून मिळविण्याजोग्या कामाची कमाल मर्यादाही ठरविता येते. वाचलेला सेकंद तिच्या विश्रांतीसाठी की कंपनीच्या नफ्यासाठी, याचे उत्तर प्रतिमानात नसते. सचमन यांच्या पक्षाचा आग्रह येथे पुन्हा उपयुक्त ठरतो: काम करणाऱ्याकडे पाहिल्यावाचून कामाचे मोजमाप पुरे होत नाही.

कार्ड यांचे पुढील संशोधन मोजमापाच्याच वृत्तीने निराळ्या क्षेत्रांत गेले. जॉर्ज रॉबर्टसन व जॉक मॅकिनले यांच्यासह त्यांनी माहिती चित्ररूपाने दाखविण्याच्या अभ्यासाला स्वतंत्र शाखेचे रूप दिले. १९९९ साली मॅकिनले व बेन श्नायडरमन यांच्यासह संपादित केलेला ग्रंथ त्या शाखेचा आधारग्रंथ मानला जातो. त्याच वर्षी पीटर पिरोली यांच्यासह त्यांनी असे मांडले की, माहिती शोधणारा माणूस भक्ष्य शोधणाऱ्या प्राण्यासारखा वागतो. एका ठिकाणी किती वेळ घालवावा आणि तेथून केव्हा उठावे, हे तो लाभ व श्रम यांच्या प्रमाणावरून ठरवितो. प्राण्यांच्या अन्नशोधाविषयी पर्यावरणशास्त्रात जे गणित सिद्ध झाले होते, ते येथे वाचकाला लावले गेले. याही सिद्धांताचा कल तोच आहे. वाचक अर्ध्यावरून निघून गेला, तर तो चंचल आहे असे न म्हणता, पुढे काय आहे याचा माग त्याला मांडणीने दिला होता काय, असे विचारावे.

सारांश, कार्ड यांच्या संशोधनाचा परिणाम तीन ठिकाणी दिसतो. माउससारख्या साधनाविषयीच्या निर्णयाला त्याने कारण पुरविले. नायनेक्समध्ये त्याची रीत इतरांच्या हाती जाऊन संबंधितांच्या अपेक्षेविरुद्ध खरी ठरली. आणि सचमन व कॅरोल यांच्यासारख्या विरोधकांना आपले म्हणणे नेमके मांडण्यासाठी त्याने निश्चित प्रतिपक्ष दिला. उल्लेखांच्या मोजणीत या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, कारण समर्थनाचा उल्लेख आणि खंडनाचा उल्लेख हे तेथे एकच एकक असते. यंत्रापुढे अडलेल्या माणसाला पूर्वी स्वतःच्या बाजूने सांगण्यासाठी केवळ तक्रार होती. या संशोधनाने तिच्या जोडीला आकडा दिला. तो आकडा अपुरा आहे हे खरे, परंतु तो खोडून काढण्यासाठीही आता मोजावेच लागते.